अ‍ॅम्बेसेडरचा मॅनिफोल्ड आणि गंज : रत्नागिरीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅम्बेसेडरच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून मागच्या पाइपात सोडणाऱ्या बिडाच्या नळ्यांच्या जोडणीला, गंजापासून कसे जपावे, यावर मी जे लिहिले त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. बिडाचा मॅनिफोल्ड गंजून कधी आरपार जात नाही, तेव्हा सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज उडवणे) आणि महागडा रंग ही नुसती हौस आहे. रेड ऑक्साइडच्या साध्या तांबड्या प्रायमरवर सिल्व्हर रंगाचा हात दिला की काम भागते. आणि उभ्या गाडीचे इंजिन रोज पाच मिनिटे चालवण्याला मी अपायकारक म्हटले, ते आपल्याला पटलेले नाही. आपली गाडी समुद्राच्या वाऱ्यावर उभी असते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या आक्षेपातले निम्मे मला मान्यच आहे. बिडाची भिंत जाड असते आणि वरून तांबूस दिसणारा मॅनिफोल्ड वर्षानुवर्षे काम देतो. खरे नुकसान होते ते जोडांवर. या १४८९ सीसी इंजिनात इनलेट (पेट्रोल-हवेचे मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, एकाच बाजूला असतात आणि शेजारच्या दोन फ्लँजांना (हेडला टेकणाऱ्या सपाट कडांना) मिळून एकच जाड वॉशर दाबून धरतो. एक्झॉस्टच्या फ्लँजला गंजाने खड्डे पडले की टर्नर (लेथवर काम करणारा) तो घासून सपाट करून देतो. मात्र त्यात त्याची जाडी कमी होते, इनलेटची होती तेवढीच राहते, आणि मग नट कितीही आवळला तरी वॉशर इनलेटवरच टेकतो. एक्झॉस्टकडचे पॅकिंग सैल राहून जळते आणि थंड इंजिन सुरू करताच टिकटिक ऐकू येऊ लागते. (ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची, समजून टॅपेट सेट करत बसणारे मेकॅनिक कमी नाहीत.) असे घासून सपाट (फेसिंग) करायचेच असेल, तर दोन्ही मॅनिफोल्डच्या फ्लँजांची जाडी सारखी राहील, हे टर्नरला बजावून सांगावे. दुसरे दुखणे स्टडचे, म्हणजे मॅनिफोल्डचे नट ज्यांवर बसतात त्या हेडमधल्या आटेदार दांड्यांचे. गंजून चिकटलेला नट जोर लावून सोडताना स्टड हेडच्या तोंडाशीच मोडला, तर तो काढण्यासाठी प्रसंगी हेड उतरवावे लागते, आणि त्या मजुरीपुढे रंगाचा खर्च किरकोळ ठरतो. म्हणून तिथे पितळी नट वापरावेत, कारण ते लोखंडी स्टडला गंजाने धरून बसत नाहीत.

रेड ऑक्साइडबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. चढावर किंवा लांबच्या प्रवासात मॅनिफोल्डचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, तर साध्या प्रायमरमधले रेझिन २०० अंशांच्या आसपासच करपू लागते. प्रायमरची भुकटी झाली की त्यावरचा रंग कितीही चांगला असला तरी पापुद्र्यांनी सुटतो. गंजावर लावायच्या बाटलीतल्या गंजरोधक आम्लाचा थरही अशा उष्णतेत भरवशाचा नसतो. सुमारे ६०० अंश सोसणारा, सिलिकोन रेझिनचा अ‍ॅल्युमिनियम रंग थेट उघड्या धातूवर पातळ थरांत द्यावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा. कोकणातल्या दमट हवेत सकाळी ब्लास्ट केलेले बीड संध्याकाळपर्यंत तांबूस पडू शकते. त्यामुळे रंग त्याच दिवशी द्यावा आणि थिनरने पुसल्यानंतर त्याला उघडा हात लावू नये. हा रंगही कायमचा नाही. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा धूर मधल्या एकाच पोर्टातून बाहेर पडतो, त्या फांदीवरचा रंग सर्वांत आधी फिका पडतो. जुन्या जॅग्वारच्या मॅनिफोल्डवरचा काचेरी मुलामा याहून देखणा असतो, पण त्याचेही टवके उडतात.

आता पाच मिनिटांचा प्रश्न. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते आणि ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर जाते. पाच मिनिटांत मॅनिफोल्ड तापतो, पण मागचा पाइप आणि सायलेन्सर कोमटच राहतात. तिथे वाफेचे पाणी होऊन साचते आणि इंजिन बंद झाल्यावर आतला सगळाच मार्ग दमट राहतो. गाडी काढायचीच, तर सायलेन्सर शेवटपर्यंत नीट तापेल इतकी, म्हणजे निदान अर्धा तास, रस्त्यावर चालवावी. पावसाळ्यात ते जमणार नसेल, तर शेवटच्या फेरीनंतर सायलेन्सर थंड होऊ द्यावा, त्याच्या तोंडात तेलकट फडक्याचा बोळा बसवावा आणि बोळा काढल्याशिवाय गाडी सुरू करू नये, अशी चिठ्ठी स्टीअरिंगला बांधून ठेवावी.