तार कुठली?

आज मुष्टियुद्धाचा एक सामना पाहत होतो. समालोचक एका खेळाडूविषयी म्हणाला, 'ही टेलिग्राफ्स हिज पंचेस', आणि पडद्याखाली मराठी ओळ उमटली: 'तो आपले ठोसे तारेने कळवतो.' मी ती ओळ मागे नेऊन दोनदा वाचली. हातमोजे घातलेला माणूस तार करायला कोठे जाणार, एवढा साधा प्रश्नही ती लिहिणाऱ्याला पडू नये याचा मनस्वी संताप आला.

संताप ओसरला तो माझीच एक जुनी फजिती आठवल्यामुळे. अनुवादाच्या उमेदवारीत असताना फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील एका प्रसंगात मी मोठ्या ऐटीत 'पॅरिसला तार केली' असे लिहिले होते. आमच्या वयोवृद्ध संपादकांनी त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून समासात दोनच शब्द लिहिले: 'तार कुठली?'

खरोखरच तार नव्हती. क्लोद शाप या फ्रेंच संशोधकाने १७९४ साली पॅरिस ते लील हा जो संदेशमार्ग चालू केला, त्यात उंच जागी उभारलेले लाकडी हात होते; एका ठाण्यावरची खूण पुढच्या ठाण्यावरचा माणूस दुर्बिणीतून पाही आणि तशीच करून दाखवी. त्या यंत्रणेला 'टेलिग्राफ' म्हणत, कारण ग्रीक भाषेत 'टेले' म्हणजे दूर आणि 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. अमेरिकी संशोधक मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला विजेच्या तारेवरून संदेश पाठवला तो १८४४ साली, म्हणजे त्यानंतर पन्नास वर्षांनी. आपण मराठीत मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या धातूच्या तारेवरून नाव ठेवले आणि यंत्राने येणाऱ्या संदेशालाही 'तार'च म्हटले. इंग्रजीत संदेशाला 'टेलिग्राम' हा वेगळा शब्द १८५२ साली एका अमेरिकी वृत्तपत्रातून पुढे आला, तेव्हा ग्रीकच्या पंडितांनी तो व्याकरणदुष्ट ठरवून 'टेलिग्राफीम' हवा असा आग्रह धरला होता. (त्यांचे कोणी ऐकले नाही, हे बरेच झाले.)

मुष्टियुद्धातला अर्थ तर आणखी दूरचा: ठोसा निघण्याआधीच खांदा किंचित मागे जातो आणि प्रतिस्पर्ध्याला आगाऊ वर्दी मिळते. तेथे तार नाही, यंत्र नाही, आणि कळवण्याची इच्छा तर मुळीच नाही. 'त्याचा ठोसा आधीच कळतो' एवढे लिहिले असते तरी भागले असते.

शब्दकोशात पहिला अर्थ 'तार' असाच दिलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी तो चालतोही, हे मान्य. ती ओळ लिहिणाऱ्यावर घाईचे ओझे असेल, हेही मान्य. पण त्याच्या समासात 'तार कुठली?' असे लिहिणारे कोणी नव्हते, याचे मला आता रागापेक्षा वाईट अधिक वाटते आहे.

त्या वेळी मी खाली मान घालून 'खुणांनी कळवले' अशी दुरुस्ती करून दिली होती. संपादकांनी तीही खोडून 'संकेतयंत्राने कळवले' असे केले. 'खुणांनी' मला अजूनही अधिक बरे वाटते.