दहा रोपं म्हणजे एक मोह नव्हे

आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : "एक झाड तोडलं, दहा लावली, हिशेब चुकता. जंगल मोजायला दोऱ्या घेऊन हिंडणं हा रिकामा उद्योग. उपग्रहातून सगळं दिसतं." खाली अंगठ्यांची रांग.

आधी दहाचा हिशेब घेऊ. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर मोजतात. घेराच्या वर्गाला (४ × ३.१४) ने भागलं की बुंध्याचं क्षेत्रफळ मिळतं. २०० सेंमी घेराच्या मोहाचं ते येतं सुमारे ३,१८० चौ. सेंमी. रोप वाढून २० सेंमी घेराचं झालं, तरी जेमतेम ३२. म्हणजे दहा नव्हे, अशी शंभर लागतात. तीही नागपूरच्या मे महिन्यातून वाचली तर. मोहफुलं या हिशेबात धरलेलीच नाहीत.

खाली कुणीतरी लिहिलंय, "जाती तर तितक्याच आहेत ना?" समजा दोन्हीकडे झाडं १०० आणि जाती ५. एकीकडे साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह प्रत्येकी २०. दुसरीकडे ९६ साग आणि बाकीच्यांचं एकेक झाड. यादी सारखीच, पण शॅनन निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि झाडं त्यांच्यात किती सारखी वाटली गेलीत हे एकत्र सांगणारा आकडा, पहिल्याचा १.६१ आणि दुसऱ्याचा ०.२२. दुसरं जंगल कसलं, सागाचा मळाच तो.

उपग्रहाला नावं ठेवायची नाहीत, पण तो काय मोजतो ते तरी पाहा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर १० टक्के वृक्षछत्र असलं की ते वनाच्छादन. मालकी आणि जात विचारत नाहीत. बागाही त्यात बसतात. काटोलच्या संत्र्याच्या बागेला जंगल म्हणाल का?

राहिल्या दोऱ्या. त्यांनी जंगलात मोजणीचे चौकोन आखतात : झाडांसाठी १० × १० मीटरचे, झुडपांसाठी ५ × ५, गवतासाठी १ × १. जागा आधीच नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवतात. नाहीतर माणूस हटकून सावलीची, बिनकाट्याची जागा निवडतो. मीही निवडली असती. नव्या चौकोनात नवी जात मिळेनाशी झाली की पुरे. मग कोणती जात किती दाट, किती चौकोनांत आणि बुंध्यांनी किती जागा व्यापून आहे, या तिन्हींच्या टक्केवारीची बेरीज करतात. तेंदूची रोपटी ढीगभर आणि मोठं झाड एकही नाही, हे त्यातून उघडं पडतं. वरून फक्त हिरवं दिसतं.

मेसेज पाठवणाऱ्या काकांनी पावसाळ्यानंतर एकदा टेपचं दुसरं टोक धरायला यावं. फुल पँट घालून. कुसळी गवत मोज्यांत शिरलं की दोन दिवस निघत नाही.