स्वच्छ गाडीचा चंद्रपूर पॅटर्न

अभिनंदन! तुम्ही चंद्रपुरात पांढरी गाडी घेतलीत. शोरूममध्ये बोनेटवर हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळ्या घरादाराचा गाडीसोबत फोटो निघाला. तो फोटो जपून ठेवा. गाडीचा मूळ रंग कोणता होता यावर पुढेमागे वाद झाला, तर पुरावा म्हणून तेवढाच कामी येईल.

शहाण्या माणसानं राखाडी घेतली असती. शोरूमवाले त्या रंगाला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव सांगतात, आपण राखाडी म्हणायचं. काळ्या गाडीवर वीज केंद्राची राखड दिसते, पांढऱ्या गाडीवर खाणींचा कोळसा दिसतो. राखाडी गाडीवर दोन्ही असतात आणि दिसत काहीच नाही. पण झालं ते झालं. आता तिला पांढरी ठेवायची कशी, ते बघू.

आधी पुस्तकी सल्ला देऊन टाकतो, म्हणजे मी तो दिला नाही असं कुणी म्हणायला नको. सकाळी उठून कोरडं फडकं घेऊन गाडीवर तुटून पडू नका. गाडीच्या पत्र्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. त्यातला सगळ्यात वरचा, चकाकी देणारा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. राखडीत सिलिका असते आणि ती या थराहून टणक असते. त्यावरून कोरडं फडकं फिरलं की ते फडकं राहत नाही, सँडपेपर होतं. मग दुपारच्या उन्हात बोनेटवर जी गोलगोल नक्षी दिसते, ती कंपनीनं दिलेली नसते. म्हणून आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग गाडीचा शॅम्पू, साबणाची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी, मऊ मायक्रोफायबरचं कापड, आणि हे सगळं सावलीत.

छान सल्ला आहे. त्याला पाणी लागतं, सावली लागते आणि रविवार लागतो. मे महिन्यात पारा ४७ च्या घरात गेला की बोनेटवर ओतलेलं पाणी निथळायच्या आत वाळतं आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे ठिपके होऊन मागे राहतात. ते पुसून, घाम पुसून, तुम्ही चहाला आत जाता. कप विसळून बाहेर येता, तर बोनेटवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी तयारी झालेली असते. तेव्हा हा सल्ला तुम्ही नाशिक-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांना पाठवून द्या. आपल्याला दुसरा मार्ग आहे.

आपल्या शहराची हवा स्वच्छ करण्याचं काम कित्येक वर्षांपासून चालू आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले आणि आपण देशात चौथे आलो. डिस्टिंक्शन हो! ७० च्या वरचे सगळे ‘अतिप्रदूषित’, आणि तसे ४३ निघाले. तेव्हापासून या विषयावर इतका विचार, इतक्या बैठका आणि इतके आराखडे झाले आहेत की त्यातून स्वच्छतेचं एक स्वतंत्र शास्त्रच उभं राहिलं. त्या शास्त्रात फडक्याला जागा नाही. तेच शास्त्र गाडीला लावायचं.

सुरुवात आधारवर्षापासून करा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. हवेतले कण २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के कमी करायचे, तुलना २०१७ शी. पुढे हे उद्दिष्ट ४० टक्क्यांवर गेलं आणि मुदत २०२६ वर. या कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत चंद्रपूर आहे. या सगळ्यात महत्त्वाचं काय, तर तुलना कशाशी करायची हे आधी ठरवणं. तुम्हीही ठरवा. जुलैत एखाद्या दिवशी पावसाच्या सरींमधून, कोळशाच्या ट्रकांच्या मागं मागं घुग्घुसला जाऊन या. परत आल्यावर गाडीचा फोटो काढा. नंबरप्लेट वाचता येत नसेल, मागच्या काचेतून मागचं जग दिसत नसेल, तर उत्तम. हा तुमचा आधारदिवस. यानंतर गाडी कुठल्याही अवस्थेत असो, ती सुधारलेलीच असणार. ४० टक्के काय, तुम्ही ६० टक्केही दाखवाल.

पुढे सरासरी. लोक गाडी बघतात म्हणजे बोनेट, टप आणि काचा बघतात. हा अन्याय आहे. डिकीतली स्टेपनी बघा, सीटखालचा जॅक बघा, डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल बघा. कुणी हात लावलेला नाही, नव्यासारखी आहेत. बोनेट आणि टपाची या सगळ्यांबरोबर सरासरी काढा. आकडा बघून तुमचं तुम्हालाच आश्चर्य वाटेल. मोजणी कधी करायची हेही तुमच्याच हातात आहे. ऑगस्टातल्या संततधार पावसानंतरची सकाळ चांगली. थंडीतल्या सकाळी मोजायचं नाही, कारण तेव्हा हवा जड होऊन खालीच बसते आणि वर दव पडतं. अशा वेळचे आकडे ‘प्रातिनिधिक नाहीत’ असं म्हणायचं असतं.

निकषांच्या बाबतीत मात्र स्वाभिमान सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हवेतले पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म, कण २४ तासांत घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. आपला निकष ६०. म्हणजे त्यांच्याकडे जी हवा चौपट घाण, ती आपल्याकडे नियमात बसते. हाच चारचा गुणक गाडीलाही लावा. पुण्याहून आलेला मेव्हणा काचेवर बोट फिरवून ‘अरे, काय ही अवस्था’ म्हणाला, तर त्याला शांतपणे सांगा की आपली भौगोलिक परिस्थिती वेगळी आहे, परदेशी निकष इथे चालत नाहीत.

घरात प्रश्न निघतोच: ‘‘अहो, गाडी धुणार कधी?’’ उत्तरासाठी कोळशावरच्या वीज केंद्रांकडे बघा. सल्फर डायऑक्साइडचे नवे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. पाळायला दोन वर्षं दिली होती. मुदत संपली तेव्हा वाढवली, वाढवलेली संपली तेव्हा पुन्हा वाढवली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना धुरातून हा वायू काढणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. तेव्हा ‘रविवारी धुतो’ म्हणा. रविवारी ‘पुढच्या रविवारी, टप्प्याटप्प्यानं’ म्हणा. आधी डावी बाजू, मग उजवी. चिकाटी सोडली नाहीत तर एके दिवशी घरातूनच सांगितलं जाईल की राहू द्या, गरज नाही. कर्तव्य टाळलं असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण तुम्ही नाही कधीच म्हणाला नव्हता.

एवढ्यानंही भागलं नाही आणि खरंच धूळ काढायची वेळ आली, तर उंचीचा उपयोग करा. ५०० मेगावॉटच्या संचाला आपल्याकडे २७५ मीटर उंच चिमणी लागते. म्हणजे कुतुबमिनारावर कुतुबमिनार, त्यावर अजून एक, आणि वर पाऊण कुतुबमिनाराएवढी जागा उरते. एवढी उंच कशाला? तर निघालेलं जे काही आहे, ते पायथ्याशी न पडता लांब, पातळ होऊन पडावं. यात तत्त्व फार मोठं आहे: धूळ नाहीशी करायची नसते, तिचा पत्ता बदलायचा असतो. फडकं तुमच्या अंगणात झटकू नका. गच्चीवर जा, वारा बघा, आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या दिशेनं झटका. जमलं तर त्याच्याही पलीकडच्या शेजाऱ्याच्या. तो तुम्हाला ओळखत नाही, ही या पद्धतीची खरी ताकद.

आता राहिला मालकीचा प्रश्न. चंद्रपुरात राहून धूळ वाचता येत नसेल, तर तुमचं इथलं वास्तव्य फुकट गेलं. बोटाला चिकटून तेलकट काळी रेघ उमटली, तर कोळसा. पिठासारखी मऊ, फिकट, फुंकर मारली की नाकात जाणारी, ती राखड. गडचांदूरकडून आल्यावर काचेवर पातळ पापुद्रा बसलाय आणि रात्रीच्या दवानं तो कडक झालाय, तर सिमेंट; हे नुसत्या पाण्यानं निघत नाही, व्हिनेगर पातळ करून हलक्या हातानं लावायचं आणि लगेच धुवून टाकायचं. वायपर सुका फिरवलात तर काच कायमची गेली. लालसर असेल तर रस्त्याची. एवढं सगळं ओळखता येतं, फक्त ही धूळ कुणाची हे ठरवता येत नाही. कारखान्याला विचारलं तर तो रस्त्याकडे बोट दाखवतो. रस्तेवाले ट्रकांकडे. ट्रकवाला म्हणतो, मी तर ताडपत्री बांधली होती. बांधलेली असतेच, अर्धी. खाणीला विचारलं तर कळतं की वारा त्या दिवशी उलट दिशेनं होता. म्हणून कुणी विचारलं की गाडीवर ही धूळ कसली, तर तुम्हीही ‘आमची नाही’ एवढंच म्हणा. खोटंही नाही ते.

राखडीचं तसं सगळ्यांनाच वावडं आहे असं नाही. आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राखच असते. २९२० मेगावॉटचं आपलं महाऔष्णिक केंद्र पूर्ण क्षमतेनं चाललं, तर दिवसाला चाळीसेक हजार टन कोळसा लागतो. राखेचा हिशेब तुम्हीच करा. चिमणीआधीचं ईएसपी यंत्र उडणाऱ्या राखेतली ९९ टक्क्यांहून जास्त पकडतं, आणि ती पुढे सिमेंटला, विटांना, रस्त्यांना जाते. शंभर टक्के वापराचा कायदाच आहे. तेव्हा तुमच्या टपावर बसलेली राखड म्हणजे उरलेल्या अंशाची सोय लावण्यात तुमचा वाटा समजा. बिनपगारी.

आणखी बारीकसारीक. गाडीवर कव्हर घालावं असं कुणी सुचवेल. घाला, आधी गाडी धुवून घाला, नाहीतर वाऱ्यानं हलणारं कव्हर रात्रभर तीच राखड गाडीवर घासत बसेल. रस्त्यावर धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर फिरतो. त्याच्या मागं गाडी नेऊ नका, कारण धूळ बसते खरी, पण तुमच्या दारांवर, लेप होऊन. ताडोब्याला पाहुणे येणार असतील तर त्यांना मोहर्लीच्या रस्त्यानं त्यांच्याच गाडीतून जाऊ द्या. दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणी ओलांडून ते जंगलात पोचले की वाघ दिसो न दिसो, चंद्रपूर त्यांना दिसलेलं असेल. एसीचा फिल्टर काढून कधी बघू नका. बघितलाच, तर मुलांना दाखवू नका.

सगळ्यात शेवटी कागदपत्रं. गाडीनं धूर सोडला तर खपवून घेतलं जात नाही, हे लक्षात असू द्या. पहिलं वर्ष सरलं की दरवर्षी पीयूसी काढावं लागतं. सप्टेंबर २०१९ पासूनच्या सुधारित मोटार वाहन कायद्यात प्रदूषणाच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. तेव्हा पडोली चौकात तपासणी लागली की उगाच मागच्या चिमण्यांकडे बघत उभे राहू नका. मुकाट्यानं प्रमाणपत्र काढा. त्याची प्रत मात्र प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवत जा. त्यावर क्यूआर कोड असतो, आणि राखड बसली की तो स्कॅन होत नाही.