एक डॉलरचं घर आणि मधली भिंत

परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला. ‘अमेरिकेत फक्त एक डॉलरमध्ये घर!’ खाली बाल्टिमोरचा फोटो. मी याच शहरात, अशाच रांगेतल्या एका घरात राहतो, त्यामुळे तिघांनी लगेच विचारलं, ‘काय रे, खरंच?’ खरंच. पण त्या सगळ्या प्रकरणात डॉलरला काडीचं महत्त्व नाही.

आपल्याकडे रो-हाऊस म्हटलं की पुढे गाडी, मागे तुळस असा बंगलेवजा प्रकार डोळ्यांसमोर येतो. तो विसरा. इथलं घर साधारण १२ ते १६ फूट रुंद, फुटपाथला खेटून, विटांचं, दोन-तीन मजली. आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अशी सलग रांग. तुळया या शेजाऱ्याच्या भिंतीतून निघून त्या शेजाऱ्याच्या भिंतीत शिरतात. म्हणजे मजल्यांचा भार पुढच्या देखण्या भिंतीवर नाहीच, तो दोन बाजूंच्या सामाईक भिंतींवर. दारात पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या, दगड जवळच्याच कॉकीझव्हिलच्या खाणींतला. जमीन विकत न देता ९९ वर्षांच्या कराराने द्यायची, दर सहा महिन्यांनी तिचं भाडं घ्यायचं, अशी इथली जुनी पद्धत. त्यामुळे घराची किंमत उतरली आणि कामगार माणूसही मालक झाला. मला हे त्या संगमरवरापेक्षा जास्त देखणं वाटतं.

आता माझी भिंत. माझ्या डावीकडचं घर कित्येक वर्षं बंद आहे. मालक म्हणून कुठलीशी कंपनी आहे, तिला पाठवलेली पत्रं परत येतात. एकदा कपाट सरकवलं तर मागे ओलीचा हातभर डाग. बोटाने खरवडलं तर विटेची लाल भुकटी हातात. आतल्या भिंतींना कमी भाजलेली, मऊ वीट वापरायचे, कारण तिला पाऊस लागणारच नव्हता. पण पलीकडचं छप्पर बसलं, पाणी तुळयांच्या टोकांवर उतरलं आणि तिथून माझ्याकडे. मी घाईघाईने दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरून घेतल्या. दोन हिवाळ्यांत विटांचे पोपडे निघाले. सिमेंट विटेपेक्षा कडक, ओल बाहेर पडायची ती दरजेतून न पडता विटेतून पडायला लागली. मग सगळं खरवडून चुन्यात पुन्हा केलं. दुप्पट खर्च. असो.

सांगायचं एवढंच, की या शहरात एकटं घर दुरुस्त होत नाही. रांग दुरुस्त होते.

१९७३ मध्ये स्टर्लिंग स्ट्रीटवर महापालिकेची ओस घरं एक डॉलरला द्यायची योजना आली, १९७५ मध्ये ऑटरबाइन या वस्तीत शंभरावर घरांची सोडत निघाली. ती घरं जगली ती स्वस्ताईमुळे नव्हे. कमी व्याजाचं कर्ज होतं, मुदतीत काम करून स्वतः राहायची अट होती आणि मुख्य म्हणजे सगळे एकाच वेळी, एकमेकांना लागून कामाला लागले होते. डाव्या-उजव्या दोन्ही छपरांखाली माणूस होता.

घरं ओस का पडली, याचं उत्तर ‘लोक गेले’ एवढ्यावर उरकू नका. १९५० मध्ये इथे साडेनऊ लाख माणसं होती, २०२० मध्ये पाच लाख ८५ हजार. पण त्याआधी १९१० मध्ये शहराने कोणत्या वंशाने कोणत्या गल्लीत राहायचं याचा कायदा केला होता. पुढे १९३०च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे कर्ज मिळेनासं झालं. मग वस्त्यांमधून हायवे काढायचा बेत आला. बंदराकाठच्या जुन्या फेल्स पॉइंट भागातले लोक भांडले, १९६९ मध्ये त्यांचा भाग राष्ट्रीय वारसा यादीत गेला आणि रांगा वाचल्या. पश्चिम बाजूला मात्र जेमतेम दीड मैलाचा तुकडा बांधून रस्ता तिथेच थांबला. त्या पट्ट्यातली कृष्णवर्णीयांची शेकडो घरं तेवढी गेली. आज फेल्स पॉइंटला फोटो काढायला गर्दी असते. यात नशिबाचा भाग किती, ते तुम्हीच ठरवा.

२०२४ मध्ये महापालिकेने पुन्हा काही घरं एक डॉलरला काढली. स्वतः राहणाऱ्यांसाठी, पण दुरुस्तीला हजारो डॉलर हाताशी असल्याचं दाखवावं लागतं. अट रास्तच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. दोन मोडक्या घरांच्या मधलं एक घर उमेदीने घेणारा माणूस माझ्या भिंतीची गोष्ट नव्याने जगणार. ऑलिव्हर भागात गल्ल्याच्या गल्ल्या हाती घेऊन काम झालं, तिथला फरक जाऊन बघा.

‘पाडून टाका’ म्हणणाऱ्यांचाही राग येत नाही मला. २०२२ मध्ये असंच एक रिकामं घर आगीत कोसळून तीन अग्निशामक जवान गेले. पण मधलं एक पाडलं की शेजाऱ्याची ती मऊ भिंत उघड्यावर येते. तिच्यावर गेलेल्या घराच्या जिन्याची नागमोडी खूण दिसते, फिक्या निळ्या वॉलपेपरचा तुकडा दिसतो. आणि पहिल्याच पावसात पुढच्या घराची पाळी सुरू होते.

आणि हो, रांग सुधारली की कर वाढतो आणि पडत्या काळात तग धरून राहिलेली म्हातारी माणसंच आधी अडचणीत येतात. त्यांची छपरं आधी नीट करा, नव्यांना नंतर बोलवा, असं माझं मत. माझ्या उजवीकडच्या आजी अजून दर शनिवारी पायऱ्या घासतात. माझ्या दोन राहिल्या तर त्याही, बोलून दाखवत.

विचारणाऱ्या मित्राला मी एवढंच कळवलं: घर बघायला आलास तर आधी दोन्ही बाजूंची छपरं बघ. मग ते घर.