सगळ्यांना मिळून एक रिमोट

दुपारी साडेतीनच्या सुमाराला ऑफिसात माझा मोबाईल वाजला आणि त्यावर 'आई' असं नाव उमटलं, की शेजारच्या टेबलांवरची कामं आपोआप मंदावतात.

"अरे, निळा पडलाय."

"कोण?"

"टीव्ही. नुसता निळा. आणि एक इंग्रजी पाटी इकडून तिकडे फिरतेय."

"आई, काळा लांबडा घे. वर उजव्या हाताला 'सोर्स' लिहिलंय बघ."

"एस ओ ना? दाबलं. यादी आली... अरे, गेली यादी!"

ही यादी पाच सेकंदांत जाते. रिमोट वाचायला आईला चष्मा लावावा लागतो आणि टीव्ही बघायला काढावा लागतो. चष्मा लावा, बटण शोधा, दाबा, चष्मा काढा, मान वर करा. तोवर यादी आपली आली तशी निघून गेलेली असते. टीव्हीचा मेनू ज्यानं केला त्याला घरात आई नसावी, किंवा असलीच तर तिला चष्मा नसावा.

डोंबिवलीच्या साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात होम थिएटर कशाला, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. बोनस झाला होता, दिवाळी होती, सेल होता. पाच स्पीकर आणि एक वूफर आले. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये प्रत्येकाला जागा शोधता शोधता मागचा डावा स्पीकर देवघराशेजारच्या फळीवर गेला. त्यामुळे आमच्याकडे युद्धाचा सिनेमा लावला की हेलिकॉप्टरं देवघरातून निघतात. सुरुवातीला आई निरांजनावर हात धरायची. वूफरवर सध्या मनी प्लांट आहे. मोठा बॉम्ब पडला की त्याची पानं हलतात.

आणि रिमोट. टीव्हीचा तो काळा लांबडा, जो अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि ज्याला दोन्ही टोकांना रबरबँड आहेत. केबलच्या बॉक्सचा 'जाड्या'; त्याचं मागचं झाकण केव्हाच परागंदा झालंय, सेल सेलोटेपच्या भरवशावर. होम थिएटरचा 'चंदेरी', ज्यावर बावन्न बटणं आहेत (मी मोजलीत) आणि त्यातली आम्ही तीन वापरतो. मुलीच्या स्टिकचा (टीव्हीच्या मागे खोचून इंटरनेटवरचे सिनेमे बघायची ती) 'चिमणा', ज्याचा कायमचा पत्ता सोफ्याच्या फटीत. शिवाय गेल्या उन्हाळ्यात वीज वाचवणारा पंखा घेतला, तर त्यालाही रिमोट. ही नावं आईनं ठेवलेली, आणि ती इतकी रुळली आहेत की बायकोही "अहो, जाड्याचे सेल संपलेत" असंच म्हणते. सेल संपले म्हणजे नवे आणत नाहीत. आधी रिमोट तळहातावर आपटतात, मग झाकण उघडून सेल जागच्या जागी फिरवतात, मग चंदेरीचे काढून जाड्यात घालतात. एकाच जोडीनं मी तीन यंत्रं दीड महिना चालवली आहेत.

एकदा माझ्या साहेबांसमोर बायकोला टीव्ही लावता आला नाही. ते गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "या सगळ्यांचा मिळून एकच आणा नाहीतर हे सगळं काढा." ती शांतपणे बोलते तेव्हा विषय संपलेला असतो.

"रिमोट कशाला हवाय, बाबा? तू सीईसी ऑन कर ना," मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली. सीईसी म्हणजे एचडीएमआयच्या, म्हणजे टीव्हीला बाकीची यंत्रं जोडणाऱ्या, वायरीतून यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सोय. एक झोपलं की बाकीची झोपतात, एक उठलं की उठतात. सोय उत्तम, फक्त मेनूत ती सीईसी या नावानं सापडत नाही. सॅमसंगवाले तिला 'एनीनेट प्लस' म्हणतात, सोनीवाले 'ब्राव्हिया सिंक', एलजीवाले 'सिम्पलिंक'. एकाच मुलाला आजोळी बंड्या आणि शाळेत वेगळं नाव, तसं. अर्ध्या तासानं ती सापडली, चालू केली, टीव्ही आणि होम थिएटर गुण्यागोविंदानं बोलायला लागले. केबलच्या बॉक्सला मात्र ही भाषाच येत नव्हती. तो कोपऱ्यात तोंड फिरवून बसला. पुन्हा बंद केली.

न्यू जर्सीतल्या मेहुण्याकडे लॉजिटेक कंपनीचा हार्मनी नावाचा रिमोट पाहिला होता. एक बटण दाबलं की टीव्ही, आवाज, खोका सगळे एका रांगेत हजर. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आता कुठला मिळायला! २०२१ मध्येच कंपनीनं बनवणं बंद केलं." त्याच्या आवाजात मला जरा जास्तच समाधान वाटलं. त्यालाही माझं होम थिएटर कधी आवडलं नव्हतं.

मग रात्री जागून वाचन. माझा असा स्वभाव आहे की वीस रुपयांची वस्तू घ्यायची तरी तिचा इतिहास आधी काढायचा. त्यातून कळलं की १९५६ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीनं जो रिमोट काढला होता, रॉबर्ट अॅडलर नावाच्या माणसानं केलेला, त्याला सेलच लागत नसत! बटण दाबलं की आत छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या दांडीवर बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघायचा, तो टीव्ही ऐकायचा. हे वाचून मी सेलोटेप लावलेल्या जाड्याकडे बराच वेळ पाहत बसलो. पुढे अॅपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियाकनंही १९८७ मध्ये सगळ्या रिमोटांचा मिळून एक रिमोट बाजारात आणला होता. ज्यानं घरोघरी कॉम्प्युटर नेला त्याला यात हात घालावासा वाटला म्हणजे टेबलावरच्या गर्दीला तोही वैतागला असणार. एवढ्यानं मला धीर आला. धीर यायला मला फार लागत नाही.

ऑनलाइन घ्यावा तर खालचे अभिप्राय वाचून डोकं चालेना. एकानं लिहिलेलं, 'पॅकिंग छान, अजून उघडला नाही, पाच स्टार'. दुसऱ्यानं एक स्टार देऊन लिहिलं होतं, 'एसीला चालत नाही'. वर जाऊन पाहिलं तर तो टीव्हीचाच होता. शेवटी ठरवलं, लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.

शनिवारी डोंबिवलीहून फास्टनं दादर, पूल चढून वेस्टर्नला, तिथून स्लोनं ग्रँट रोड. हातात पिशवी, पिशवीत चार रिमोट (पंखा तेवढा घरी), आणि मोबाईलमध्ये टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरचे फोटो, बॅटरीच्या उजेडात एका हातानं भिंतीत डोकं घालून काढलेले. दुकान कपाटाएवढं. छतापासून जमिनीपर्यंत रिमोटांच्या माळा, कोकणात घराच्या आढ्याला नारळ टांगतात तशा. मालकानं माझी पिशवी काउंटरवर उपडी केली. मग एकेक रिमोट आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. रिमोटच्या नाकावरचा दिवा नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र जांभळा लुकलुकला.

"हा चालू. हा चालू. हा चालू, पण सेल डाउन." चिमण्याकडे आला तर कॅमेऱ्यात अंधार. मला वाटलं गेला. "गेला नाय, ब्लूटूथ आहे. ह्याचं नाय होणार. बाकी सगळ्यांचं होईल."

म्हणजे 'सगळ्यांना मिळून एक' हे दुकानातच 'एक सोडून सगळ्यांना मिळून एक' झालं. पण एवढा पूल चढून आलेला माणूस मागे फिरत नाही.

त्यानं दोन पुढे ठेवले. एक एकशे ऐंशीचा: मोठी बटणं, मोजून पंधरा-सोळा, आत ठरावीक कोड. दुसरा साडेसातशेचा: कोड तर आहेतच, वर 'लर्निंग', म्हणजे जुन्या रिमोटकडून शिकून घेतो, आणि एका बटणावर तीन-चार कामं ओळीनं लावता येतात. मी आईला फोन लावला.

"बटणं मोठी आहेत का?" आईनं एवढंच विचारलं.

"एकाची आहेत. पण दुसरा आठ यंत्रांना चालतो, आई!"

"आपल्याकडे कुठं आहेत आठ?"

मी साडेसातशेचा घेतला. का, ते विचारू नका. आठ यंत्रं चालवण्याची ताकद हातात असावी, यंत्रं पुढेमागे होतील, असं काहीतरी त्या क्षणी वाटलं. घरोघरी अडीचशे माणसांचा स्वयंपाक होईल अशी पातेली माळ्यावर असतात, त्यातलंच हे.

रविवारी सकाळी बसलो. आधी टीव्हीचा कोड. पुस्तिकेत आमच्या कंपनीच्या नावापुढे चार आकडी कोडची अशी रांग, की लॉटरीचा निकालच. त्यापेक्षा आपोआप शोधायची सोय होती: 'सेट' दाबून धरा, मग एक बटण दाबत राहा, टीव्ही बंद झाला की 'ओके' करा. मी दाबत राहिलो. दहा मिनिटं, बारा मिनिटं. अंगठा बधिर झाला. आणि अचानक पंखा बंद पडला. कुठल्या देशातल्या कुठल्या टीव्हीच्या कोडला आमच्या पंख्यानं ओ दिली कोण जाणे! दचकून माझ्याकडून 'ओके' दाबलं गेलं आणि एक नंबरच्या जागेवर टीव्हीऐवजी पंखा जाऊन बसला. त्याला तिथून उठवायचं कसं हे पुस्तिकेत नव्हतं. टीव्हीला दोन नंबर दिला.

मग लर्निंग. जुना आणि नवा रिमोट टेबलावर समोरासमोर, नाकाला नाक लावून, मधे दोन बोटांचं अंतर. जुन्याचं बटण दाबायचं, नव्यानं ते टिपून घ्यायचं, दिवा दोनदा लुकलुकला की झालं. नुसता अंतरपाट धरायचा बाकी होता. पण नवरदेव जाड्या, त्याचे सेल डाउन. तो जे पुटपुटला ते नव्यानं अर्धवटच ऐकलं. ट्यूबलाइटनंही घोळ होतो म्हणून ती घालवली. दुपारी पडदे ओढून, अंधारात, दोन रिमोटांवर ओणवा झालेला मी पाहून दूध द्यायला आलेली शेजारीण दूध दारातच ठेवून गेली.

संध्याकाळी मात्र सोहळा झाला. सगळ्यांना सोफ्यावर बसवलं, हिरवं बटण दाबलं, आणि टीव्ही, बॉक्स, होम थिएटर, तिन्ही एकामागोमाग एक जागे झाले. बायको "बरं आहे" म्हणाली. आमच्या घरात हे भारतरत्न आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगी पोह्यांची बशी घेऊन नेमकी टीव्हीसमोरून गेली. रिमोटचा किरण तो, माणसातून कसा जाणार? टीव्ही उठला, होम थिएटर उठलं, बॉक्सपर्यंत निरोप पोचलाच नाही. मी पुन्हा हिरवं दाबलं. बॉक्स उठला आणि बाकीचे दोघे झोपले. पुन्हा दाबलं. ते उठले, हा झोपला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या यंत्रांना 'जागा हो' असं सांगताच येत नाही. चालू आणि बंदला आज्ञा एकच: आत्ता आहेस त्याच्या उलट हो. त्यामुळे एकदा का एक जण वेगळा पडला की ते बटण दिवसभर दाबलं तरी तो वेगळाच राहतो. मी कागदावर मांडून पाहिलं. तीन यंत्रं, प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणजे आठ शक्यता, त्यातल्या कामाच्या दोन. आठ यंत्रांचा रिमोट घेणारा मी, आठ यंत्रांच्या शक्यता किती होतील ते मोजायला गेलो नाही.

मग घरात नियम झाला. मी "दाबतोय!" म्हणालो की पाच अंक मोजेपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. बायको हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, मुलगी एका पायावर, आई जपमाळ धरून स्तब्ध. घरी आलेल्या कुरियरवाल्यालाही एकदा मी हात करून थांबवलं.

दुपारचे फोन अर्थातच चालू राहिले, फक्त मजकूर बदलला. "अरे, हा उठला की तो निजतोय." एकूण तेच, पण आता माझ्या साडेसातशे रुपयांसकट. त्यात पंख्याचा रिमोट कुठंतरी हरवला, तो शोधायचं कामही माझ्याच नावावर पडलं.

आणि मग फोन बंद झाले. आठवडाभर साडेतीनला काही नाही. शेजारच्या टेबलावरचा जोशी काळजीनं म्हणाला, "आई बऱ्या आहेत ना?" शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून घरी आलो. दार उघडलं तर मालिका जोरात चालू, आई पाय वर घेऊन सोफ्यावर, चष्मा कपाळावर, आणि टेबलावर एकही रिमोट नाही.

"कसा लावलास?"

तिनं भिंतीकडे बोट केलं. टीव्हीच्या बाजूचा बोर्ड. "मागच्या मंगळवारी लाईट गेली. आली तेव्हा टीव्ही आणि बॉक्स होते तसे आपले आपण लागले. म्हटलं, मग हे आधी का नाही केलं? आता झोपताना तिथून बंद करते, दुपारी तिथून चालू करते. चॅनेल तेच असतं. मला तरी दुसरं कुठं बघायचंय?"

"आणि होम थिएटर?"

"ते नाही उठत. निजू दे."

"मग आवाज कुठून येतोय?"

"टीव्हीतूनच. तुझ्या लेकीनं करून दिलं काहीतरी आत जाऊन. पोटात स्पीकर आहेत म्हणे त्याच्या, पहिल्यापासूनच."

मी वूफरजवळ खाली बसलो. मनी प्लांटला नवं पान फुटलं होतं. घाम आलेला पाहून आईनं उशीखाली हात घातला आणि माझा साडेसातशेचा रिमोट काढून पुढे केला.

"हा घे. एक नंबर दाबून मग ते लाल बटण दाब. पंखा लागतो."