रोबस्ट लावलं म्हणजे रानात परत जायला नको?

कोल्हापुरातल्या मोजणीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं: लीस्ट स्क्वेअर (फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करून मापं जुळवायची नेहमीची रीत) मोडीत काढा, रोबस्ट (विसंगत मापाला हिशेबात कमी वजन देणारी) ही नवी पद्धत चुकीचं माप स्वतःच हुडकून फेकते, जादा मापं घेत बसू नका.

नवी? गणितज्ञ बॉस्कोविचनं पृथ्वीच्या आकारासाठी फरकांची चिन्हं सोडून बेरीज किमान करायची रीत, म्हणजे रोबस्टचीच पूर्वज, १७५७ मध्ये मांडली. लीस्ट स्क्वेअर छापून आलं १८०५ साली. हा मुद्दा इथंच सोडू.

चुकीचं माप हुडकते, हे अर्धं खरं. उसाच्या रानात दोन खुणांमधलं अंतर पाचदा घेतलं समजा: ८४.३१२, ८४.३१४, ८४.३१३, ८४.४१२, ८४.३११ मीटर. सरासरी ८४.३३२, मध्यक ८४.३१३. एका चुकीच्या आकड्यानं सरासरी दोन सेंटिमीटर सरकली, मध्यक जागचा हलला नाही. इथं रोबस्टच बरी. पण टोटल स्टेशनमध्ये (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) प्रिझम कॉन्स्टंट (प्रिझमसाठी अंतरात करायची दुरुस्ती) ३० मिलिमीटरनं चुकीचा राहिला, तर पाचही अंतरं तेवढीच चुकतात, आपसात झकास जुळतात आणि सगळ्यांना पूर्ण वजन मिळतं. उपग्रह मोजणीत बेसच्या (एका जागी ठेवलेल्या रिसीव्हरच्या) अँटेनाची उंची चुकली तरी तीच गत. सगळेच साक्षीदार एकसारखं खोटं बोलले तर पद्धतीला काय कळणार?

दुसरी गोम लीव्हरेजची, म्हणजे लांबच्या एकट्या खुणेच्या ओढीची. बाकी खुणा पंचगंगेकाठी आणि कंट्रोल पॉइंट (जागा आधीच ठरलेली खूण) एकच, लांब पन्हाळ्याच्या बाजूला. तो चुकला तर उत्तर स्वतःकडे ओढतो, त्याचं रेसिड्युअल (माप आणि हिशेबाचं उत्तर यांतला फरक) लहानच दिसतं आणि भुर्दंड बरोबर मापांना बसतो. संख्याशास्त्रज्ञ ह्यूबरच्या १९६४ च्या साध्या रोबस्ट पद्धतीला हे आवरत नाही.

जादा मापं नकोत, हे तर साफ उलटं. एकाच कोनावर नि एकाच अंतरावर टांगलेल्या खुणेचं रेसिड्युअल शून्यच येतं, मग चूक दोन सेंटिमीटरची असो की दोन मीटरची. दोन मापं असतील तर भांडण दिसतं, खोटं कोण ते कळत नाही. तिसरं माप हवंच.

राहिलं मोडीत काढणं. मापं स्वच्छ असतील तर नेहमीच्या १.३४५ या मर्यादेवर (प्रमाण विचलनाच्या इतक्या पटीहून मोठ्या फरकाचं वजन घटतं) ह्यूबरची कार्यक्षमता ९५ टक्के, म्हणजे लीस्ट स्क्वेअरपेक्षा थोडी कमीच. दोन्ही चालवा, उत्तरं ताडून बघा. ज्या मापाचं वजन घसरलं ते डिलीट न करता फील्डबुक उघडा: रोव्हर (खुणेवर फिरवायचा रिसीव्हर) पत्र्याच्या शेडला खेटून होता का, खुणेचा नंबर चुकला का? काहीच सापडलं नाही तर त्या खुणेवर परत जाऊन मोजा.