सोळा पानं आणि फोन

बावीस वर्षं झाली प्रुफं तपासतेय. एक फॉर्म म्हणजे सोळा पानं, ती एका बैठकीत उरकायची ही माझी पहिल्यापासूनची सवय, मध्ये फक्त चहा. गेली तीन-चार वर्षं मात्र तिसऱ्या-चौथ्या पानावर हात आपोआप फोनकडे जातो, मेसेज आलेला नसतो तरी जातो. आणि मागच्या महिन्यात व्हायचं तेच झालं. छापून आलेल्या पुस्तकात, प्रकरणाच्या मथळ्यातच 'स्वातंत्र्यदीन'. दी दीर्घ! माझ्या नजरेखालून गेलेलं पान. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं मनावर ताबा ठेव. मला हे पटत नाही. इंटरनेटने माझं काम किती सोपं केलंय ते मला माहितीये, अडलेला शब्द क्षणात सापडतो. पण कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क या संशोधक कामाला बसलेल्या माणसांचं लक्ष वर्षानुवर्षं मोजतायत, २००४ मध्ये माणूस स्क्रीनवरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंद. एवढ्यात माझं अर्धं पानसुद्धा नीट होत नाही हो. आणि बाहेरून कुणी हाक मारली नाही तरी माणूस स्वतःच कामातून उठतो, हेही त्यांनीच दाखवलंय. माझा हात तेच करतोय.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं मनापासून कौतुक वाटतं. लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेनंतर पोरांच्या हातातला मोबाईल सुटेना, तेव्हा गावाने मिळून ठरवलं. १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. एकट्याने फोन ठेवला की कुणी काय टाकलं असेल, कुणाचा फोन येऊन गेला असेल हेच डोक्यात घोळतं, सगळ्या आळीनेच ठेवला की तो प्रश्नच मिटतो. हे काम एकट्याच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही असं माझं ठाम मत झालंय.

सध्या सकाळी साडेसात ते नऊ मी फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवते आणि खोलीचं दार लावून बसते. पहिले चार दिवस नुसती तगमग. पाचव्या दिवशी सलग नऊ पानं झाली. सोळा अजून नाही. मजल्यावरच्या दोघींना विचारलंय, संध्याकाळी एक तास सगळ्यांनी मिळून करायचं का, एकीने लगेच हो म्हटलं, दुसरीच्या मुलाची दहावी आहे आणि त्याचा ऑनलाइन क्लास नेमका सातला असतो, तर वेळ बदलून बघू. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये कुणी असं काही चालू केलं असेल तर वेळ कोणती ठेवली तेवढं नक्की कळवा.